राणीमातेच्या पायांतले पाणघोडे

“ऊठ. उभी राहा. बसून दिलेलं माप दुसऱ्याच बाईचं असतं.”

हा माझ्या वडिलांचा आवाज. मी सात वर्षांची होते. ओसरीवर बसून कातड्याच्या कातरणांशी खेळत होते, आणि बाबा कोकोच्या मळ्यावरून आलेल्या एका जाडजूड बाईला दटावत होते. तिला उठायचा कंटाळा. बाबा दातांत खिळे धरून बोलायचे, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य थोडं टोचायचं. शेवटी ती कुरकुरत उठली. बाबांनी तिच्या पावलाखाली खाकी कागद सरकवला, पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली आणि मला म्हणाले, “बघ पोकुआ, बसलेला पाय निजलेला असतो. उभा राहिला की जागा होतो, आळोखेपिळोखे देतो, लांब होतो, रुंद होतो.”

“जांभई पण देतो?”

“देतो. आता तू गप्प बैस.”

बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचा हा आवाज माझ्या कानात पक्का बसलाय असं मी समजत होते. पण ऐन वेळी तो नेमका रजेवर गेला.

मी आमच्या गावच्या, असुआमाच्या, राणीमातेच्या चपला सांभाळते. हसू नका. आठवडाभर मी बाजारात कापड विकते, पण सभा असली, मयताचा विधी असला, सण असला की राणीमातेच्या खुर्चीमागे जादा जोड घेऊन बसायचा मान आमच्या घराचा. कारण राणीमातेचं उघडं पाऊल मातीला लागता कामा नये. लागलं तर मेंढा कापावा लागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे महिनाभर गावाची तोंडं चालू राहतात. एखाद्याला गादीवरून उतरवायचं असलं तर आमच्याकडे त्याच्या पायांतल्या चपलाच काढून घेतात. म्हणून बंद तुटला, अंगठा निसटला, तर मागून दुसरा जोड झटकन पुढे. माझ्या मांडीवरच्या त्या लाल पिशवीत अख्ख्या गावाची अब्रू असते.

आमच्या राणीमाता म्हणजे नाना आफ्राकोमा. नाना हा आमच्याकडे मानाचा शब्द, बाईलाही तोच आणि बुवालाही तोच. गादीवर येण्याआधी चाळीस वर्षं त्यांनी पावाची भट्टी चालवली. पायात पुतण्याचे जुने खेळाचे बूट, डोक्यावर पिठाचा मुकुट. बासष्टाव्या वर्षी गावानं त्यांना राणीमाता केलं, अंगावर विणलेलं रेशमी वस्त्र आलं आणि पायात आली ती मानाची चप्पल, अहेनेमा. दिसायला देखणी, काळी कुळकुळीत, बंदावर सोनेरी बोंडं. पण तळवा? लाकडाच्या फळीसारखा. सपाट, कडक, दयामाया नसलेला.

पहिल्याच महिन्यात नानांची टाच दुखायला लागली. आठव्या महिन्यात सकाळचं पहिलं पाऊल टाकताना त्या दाराची चौकट धरून देवाला अशा काही हाका मारायच्या, की देव घाबरून पळाला असता.

“कुणाला सांगू नकोस, पोकुआ.”

“का नाना? टाचच आहे. चोरी नाही.”

“अगं, एनो तिवा ऐकेल.”

एनो तिवा म्हणजे नानांची मावसबहीण. तिची लेक गादीसाठी उभी होती, निवड झाली नाही. तेव्हापासून एनो तिवा प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत बसते आणि नानांच्या पायांकडे बघते, जसं मांजर मासळीवालीकडे बघतं.

“ती म्हणेल, गादी हिला सोसत नाही. मातीच हिला ओढतेय. मग बसा भट्टीवर परत.” नानांचे डोळे भरून आले, आणि त्यातच त्या हसल्या. “आणि गंमत बघ. जो माझ्यापुढे येतो तो मानानं चपलेतून पाय काढतो. सगळं गाव माझ्यासमोर पाय मोकळे करून उभं राहतं, आणि एकटी मीच फळ्यांवर!”

त्या दिवशी मी ठरवलं. एका गुरुवारी आम्ही दोघी साध्या सुती कपड्यांत, डोकी घट्ट बांधून, ट्रोट्रोत, म्हणजे खच्चून भरलेल्या प्रवासी गाडीत, बसून कुमासी शहरात गेलो. ट्रोट्रोवाल्यानं नानांना “ए म्हातारे, सरक पुढे” म्हटलं. नाना इतक्या खूश झाल्या की वाटेत त्यांनी मला भाजलेलं केळं आणि शेंगदाणे घेऊन दिले. आठ महिन्यांत त्यांना कुणी सरक म्हटलं नव्हतं.

तिथल्या दवाखान्यात पायांचे व्यायाम घेणारी एक तरुण बाई होती. तिनं नानांची टाच दाबली, नानांनी तिच्या सात पिढ्यांना आशीर्वाद दिले, पण सुरात जरा गडबड होती. बाई म्हणाली, “आई, तळव्याची शीर ओढली गेलीय. घरी काय घालता?”

“फळ्या,” नाना म्हणाल्या.

“त्या सोडा. आधार असलेला जोड घ्या, आणि रोज घाला, घरातसुद्धा. पण सकाळी घ्यायला जाऊ नका.”

“का? दुकानदार झोपेत असतो?”

“नाही, पाय झोपेत असतात. दुपारनंतर ते थोडे फुगतात, तेव्हाचं माप खरं. दोन्ही पायांत घालून बघा. एक पाय नेहमी थोडा मोठा असतो, त्याचं ऐका.”

“माझ्या दोन लेकांचंही तसंच आहे,” नाना म्हणाल्या, “पण मी धाकट्याचं ऐकते.”

चपलांच्या गल्लीत आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले होते. एका टपरीत एक दांडगी बाई जोडांच्या डोंगरावर राणीसारखी बसली होती. आमच्या खऱ्या राणीनं तिच्यापुढे पाय पुढे केला, आणि मी घाईघाईनं माझ्या डोक्याचं फडकं सोडून जमिनीवर अंथरलं. उघडं पाऊल मातीला कसं लागू देणार?

दुकानवालीनं फडक्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. “काय गं, तुझी आई मातीला लागली की विरघळते का?”

“साखरेची आहे,” मी म्हटलं.

“मग पावसात आणू नकोस.”

पहिला जोड गुलाबी, पुढे निमुळता. नाना हरखल्या. दुकानवालीनं तो ओढून घेतला. “पाच बोटांना एका बोटाच्या घरात कोंबतेस? भांडणं होतील.” दुसरा इतका मऊ की पाय रताळ्याच्या लगद्यात रुतावा तसा रुतला. नाना म्हणाल्या, “अहाहा!” दुकानवाली म्हणाली, “आज अहाहा, पंधरा दिवसांनी अयाई गं. हा बघ.” तिनं तो जोड दोन्ही हातांनी वाकवला, तो मधोमध दुमडला, पाकिटासारखा. “जो मधेच मोडतो तो तुला काय धरणार? बोटांपाशी वाकायला हवा. आणि टाचेचं घर दाबून बघ, बसतंय? बसलं तर टाच त्यात झिंगल्यासारखी डुलेल.”

मग तिनं डोंगराच्या तळातून एक जोड उपसला. करडा. गुबगुबीत. वर दोन रुंद चिकटपट्ट्या. खाली बोटभर जाड तळवा, आत कमानीखाली छान उंचवटा, मागे टाचेला घट्ट वाटी. अंगठ्यापुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा.

“ईई,” मी म्हटलं.

“माझ्या भट्टीत करपलेले दोन पाव,” नाना म्हणाल्या. पण घातले. उभ्या राहिल्या. एक पाऊल. दुसरं. चेहऱ्यावर असं काही उमटलं, जसं पहाटे आभाळाला कडेनं तांबडं फुटतं. तिसरं पाऊल, चौथं, आणि मग आमच्या राणीमाता, असुआमाच्या माउली, गल्लीतून चक्क पळत सुटल्या! टोमॅटोच्या टोपल्या चुकवत, हातगाडीवाल्याला “सरक रे म्हाताऱ्या!” म्हणत, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आल्या, धापा टाकत, हसत, डोक्याचं फडकं सुटलेलं.

“दुखत नाही गं! पोकुआ, दुखत नाही!”

“विरघळली नाही,” दुकानवाली म्हणाली, आणि किंमत कमी केली.

तेव्हापासून घरात पाणघोडे. हे नाव मी ठेवलं. दार लावलं की पाणघोडे पायात, दार वाजलं की पाणघोडे पलंगाखाली. महिनाभरात सकाळची चौकट धरणं सुटलं. पण सभेत फळ्याच. शनिवारी एखाद्या मयताच्या विधीत तीन तास उभं राहिलं की रविवारी टाच पुन्हा बोंब मारायची. आणि पुढे मोठा रविवार येत होता, दर सहा आठवड्यांनी येणारा आमचा सण, आक्वासिदाए. त्या दिवशी राणीमातेला भर अंगणात आडोवा नाचावाच लागतो.

तेव्हा मी बाबांची पेटी उघडली. वीस वर्षांनी. आत आरी, रापी, मेणाचा दोरा, आणि कातड्याचा तो वास, जणू बाबा आताच उठून पाणी प्यायला गेलेत. मी ठरवलं, बाहेरून अगदी मानाची चप्पल, तीच सोनेरी बोंडं, पण आतून पाणघोडा. बुचाच्या लाकडाचा उंचवटा, टाचेला वाटी, वरून काळं कातडं. कुणाला कळणार नाही.

माप घ्यायला नानांच्या खोलीत गेले. नाना बसल्या होत्या, पाय गादीच्या उशीवर. राणीमातेला उघड्या पायांनी जमिनीवर उभं कसं करायचं? माझ्या मनातही आलं नाही. जन्मभर ज्या नियमाची पिशवी मांडीवर घेऊन बसले, तो नियम हातात इतका भिनला होता, की मी उशीवरच कागद ठेवला, निजलेल्या पायाभोवती रेघ ओढली, आणि रात्रंदिवस खपून जोड शिवला. शनिवारी नानांनी तो बसल्या बसल्या घालून पाहिला.

“मखमल!” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मला तळलेल्या मासळीचं मोठं डोकं खायला दिलं.

रविवारी ढोल वाजले. अंगण भरलं. छत्र्यांखाली वडीलधारे, समोर बायकांचा गाणारा मेळा, पहिल्या रांगेत एनो तिवा, डोळे खाली. नानांच्या उजव्या हाताला ओच्यामे बादू. सभेत राणीमाता स्वतः लोकांशी बोलत नाहीत. त्या हळूच पुटपुटतात, आणि ओच्यामे ते नटवून, सजवून मोठ्यानं सांगतो. बादू हे काम एकतीस वर्षं करतोय. हातात सोनेरी डोक्याची काठी, सगळे बसलेले आणि तो उभा. अधूनमधून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, बगळ्यासारखा. मला तो रुबाब वाटायचा.

नाना मिरवत आल्या. दहा पावलं. आणि त्या खुर्चीपाशी पोचेपर्यंत त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मी बघितलं आणि कळलं. जागा झालेला पाय त्या जोडात मावत नव्हता. बंद चावत होता, उंचवटा भलत्याच जागी दगडासारखा घुसत होता. आणि आता, आता कुठे माझ्या कानात खिळे वाजले: ऊठ. उभी राहा. बसून दिलेलं माप...

बाबा, हे काल सांगायचं होतं!

नाना बादूकडे कलल्या. “पोकुआला सांग, दुसरा जोड दे.”

पण राणीमातेच्या ओठांची हालचाल अख्ख्या अंगणानं पाहिली होती. ढोल थांबले. सगळे ऐकायला टवकारले. बादूला बोलणं भाग होतं. त्यानं घसा साफ केला. “नाना म्हणतात, नदी आपलं पात्र बदलू पाहते आहे!”

“ए!” लोक खूश.

“नदी नाही रे, चपला,” नाना पुटपुटल्या.

“नाना म्हणतात, नदी म्हणजे केवळ पाणी नव्हे!”

“ए!”

“बादू, तुला मी पाव कापायच्या सुरीनं—”

“नाना म्हणतात, भाकरी वाटून खा!”

टाळ्या. बायकांच्या मेळ्यानं सूर धरला. आणि मी पिशवीत हात घालून बसले होते, घामाघूम. त्या लाल पिशवीत दोन जोड होते. वरती रिवाजाच्या फळ्या. आणि खाली, मी स्वतःच भीतीपोटी सकाळी कोंबलेले पाणघोडे. मी नानांकडे पाहिलं. फळी वर उचलून दाखवली. नानांनी मान हलवली. नाही. त्यांची नजर पिशवीच्या तळाशी गेली. मी डोळे मोठे केले. त्यांनी त्याहून मोठे केले.

मी पुढे सरकले, त्यांचे पाय मांडीवर घेतले, मातीला लागू न देता. बायकांनी रीतीप्रमाणे भोवती वस्त्र धरलं. अंगण चिडीचूप. आणि त्या शांततेत चिकटपट्टीचा आवाज झाला.

चर्रर्र.

मग दुसऱ्या पायाचा.

चर्रर्र.

वस्त्र खाली आलं. राणीमाता उभ्या. रेशीम, सोनं, मणी, आणि खाली दोन करडे, गुबगुबीत, बेशरम पाणघोडे.

एनो तिवा ताडकन उठली. “हे काय आहे पायात? कुणी सांगेल का मला? गादीच्या पायात हे काय?”

मला वाटलं, झालं. आता चपला काढा म्हणतील, नानांची गादी जाईल, आणि चपलांची जबाबदारी माझी. पण नाना बादूकडे कलल्या आणि एक छोटंसं वाक्य बोलल्या.

पहिल्यांदाच बादूला सजवायला काही सापडेना. “नाना म्हणतात,” तो म्हणाला, “आठ महिने टाच दुखत होती. यात दुखत नाही.”

बस. एवढंच. ना नदी, ना भाकरी.

एनो तिवा पुढे आली. वाकली. आणि तिनं पाणघोड्याची टाच अंगठ्यानं दाबली, बाजारात सुरण दाबून बघतात तशी. “घट्ट आहे,” ती म्हणाली. “आत?”

“आत कमानीला टेकू,” मी म्हणाले.

“पाऊल मातीला लागलं?”

“नाही.”

“हं.” ती बराच वेळ वाकून राहिली. मला वाटलं रागानं. मग तिनं हात वर केला. “अगं, बघतेस काय? धर मला. माझ्याच्यानं सरळ होववत नाही. गुडघे!”

अंगण फुटलं. कुणी हसत होतं, कुणी खोकत होतं. ढोलवाल्यानं हसता हसताच ठोका धरला, आणि बायकांच्या मेळ्याला तर काय, जागेवर गाणं सुचलं:

दोन गं पाणघोडे नदीतून आले,
राणीच्या पायाशी निजून गेले.
राणी गं उठली, तेही उठले,
आठ महिन्यांचे दुखणे सुटले!

पाणघोडे हे नाव त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. बघणाऱ्या कुणालाही तेच सुचलं असणार. आणि नाना नाचल्या. हात पाखरांसारखे, कंबर वेलीसारखी, आणि खाली ते दोन करडे जीव ठपक ठपक, ठोक्यावर, एकही ठोका न चुकवता. वडीलधारे छत्र्यांखालून बाहेर आले. एनो तिवानं आपला रुमाल नानांच्या डोक्याभोवती ओवाळला, आमच्याकडे नाचणारीचं कौतुक असंच करतात. ती ओवाळता ओवाळता म्हणाली, “कुठल्या गल्लीत मिळतात?” नाना म्हणाल्या, “दुपारी चारनंतर जा. आणि मोठ्या पायाचं ऐक.”

मी लाल पिशवीवर डोकं टेकून रडले की हसले, मला आठवत नाही. तो चुकलेला जोड मी तिथंच पायाखाली सरकवला. उद्या नानांना उभं करून माप घेईन, खाली फडकं अंथरून, वर कागद. वाट निघेल.

सूर्य कलला. सभा मोडायची वेळ झाली. रीतीप्रमाणे शेवटचं बोलणं ओच्यामेचं. तो काठी आपटतो, राणीमातेचा निरोप सांगतो, मग लोक घरी. बादू पुढे झाला. ढोल थांबले. नाना त्याच्याकडे कलल्याही नाहीत, त्या खुर्चीत पाय पुढे पसरून धापा टाकत होत्या.

बादूनं काठी आपटली. “नाना म्हणतात...” आणि तो थांबला. एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला. मी त्याच्याकडे पाहत होते, पहिल्यांदाच त्याच्या पायांकडे. राणीमातेच्या आवाजालाही चपला सोडायची मुभा नाही: सपाट, कडक, एकतीस वर्षांच्या फळ्या.

लोक वाट पाहत होते. नानांनी मान वर केली. “मी काही म्हटलं नाही, बादू.”

“नाही नाना,” तो म्हणाला. काठीवरचा त्याचा हात सैल झाला, आणि आवाज, तो अंगणभर गरजणारा आवाज, एकदम एका साध्या थकलेल्या म्हाताऱ्याचा झाला. “हे तुम्ही नाही म्हणत. हे मी म्हणतो. माझीपण टाच दुखते.”